नागपूरच्या मे महिन्यातलं दुपटं

पुणे,
18 फेब्रुवारी

प्रिय मंगल,
सप्रेम नमस्कार.

बाळाच्या दुपट्यासाठी तू क्रोशाने विणलेल्या चौकोनाचा फोटो मिळाला आणि त्याखालचे रडके चेहरेही मिळाले. फोनवर सांगायला बसले असते तर मध्येच तुझ्याकडे कुणीतरी बेल वाजवली असती, आणि व्हॉट्सॲपवर एवढं लिहिणं माझ्या अंगठ्याला झेपत नाही. शिवाय विणताना कागद समोर असलेला बरा. सुईवर टाका अर्धवट असताना फोनचा पडदा विझतो आणि तो उघडायला तिसरा हात नसतो.

सगळ्यात आधी, अगं, तू आजी होणार! ही बातमी कळल्यापासून मी घरात सगळ्यांना सांगत सुटले आहे. आमच्या ह्यांनी तर विचारलं, "तुझी लेक आहे की मंगलची?" आपण दोघी रुखवतासाठी क्रोशाचे रुमाल विणायचो, आठवतंय ना? बारीक पांढरा दोरा, त्याहून बारीक स्टीलची सुई, डोळ्यांचं पाणी काढणारं काम. ते रुमाल पुढे टीव्हीवर आणि फ्रिजवर धूळ खात बसले. तुझा हा ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून बाहेर फेरी-फेरीने विणायचा चौकोन, हे त्याच्या अगदी उलट प्रकरण. जाड दोरा, जाड सुई, मोठे खांब, म्हणजे उंच टाके. हात एकदा बसला की समोर सिरियल चालू ठेवूनसुद्धा होतं. ज्या हातांनी आपण ते रुमाल केले त्यांना हे जमणार नाही असं होऊच शकत नाही, तेव्हा रडणं बंद.

आता रागावते. मे महिन्यात, नागपुरात, बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक, आणि तू अ‍ॅक्रिलिक लोकर आणून ठेवलीस? तीही गुलाबी? त्या दुकानदाराने "बेबी वूल" म्हणून दिली असेल. नावात वूल असलं तरी लेबल उलटून वाच, शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक असणार. नाहीतर एक तुकडा चिमट्यात धरून पेटव. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडता येते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी होतो. लुसलुशीत असतं, मशीनमध्ये धुता येतं, स्वस्तही पडतं, हे सगळं मान्य. पण घाम शोषत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश असताना ते बाळाच्या अंगाखाली नको. ते गुंडे ठेवून दे, दिवाळीनंतर टोपरी आणि मोजे करायला उपयोगी पडतील.

दुपट्याला सुतीच घे. दुकानात "निटिंग कॉटन" म्हणून माग, 8 प्लाय, म्हणजे मध्यम जाडीचं, आणि सुई साडेतीन मिलिमीटरची. नव्वद सेंटिमीटरच्या चौरस दुपट्याला पाचशे ग्रॅम धर. उरलंच तर वाया जात नाही. सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, त्यामुळे पहिले चार दिवस बोटं कुरकुरतील, त्याला इलाज नाही. एक मात्र कर, ज्या रंगाने सगळे चौकोन जोडणार तो एकदमच पुरेसा घे आणि लेबलावरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा क्रमांक, जुळवून घे. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही. अंगणात नेल्यावर दिसतो.

आणि गुलाबी की निळा हा प्रश्न तर तू काढूच नकोस. गर्भलिंगनिदान बंदीचा 1994 चा कायदा आहे, तेव्हा मुलगा की मुलगी ते मे महिन्यापर्यंत डॉक्टरसुद्धा सांगणार नाहीत. हळदी, पोपटी, मोरपंखी, डाळिंबी, असे चार-पाच रंग घे आणि मोकळी हो.

आता तुझा तो चौकोन. कडा वर उचलल्या गेल्यात, बरोबर? वाटीसारखा झालाय, त्यात शेंगदाणे ठेवता येतील. त्याचं कारण कोपऱ्यात आहे. फोटो मोठा करून पाहिला, तू कोपऱ्यात एकच साखळी घातली आहेस. कोपऱ्याला वळायला जागा मिळाली नाही की तो सगळ्यांना आत ओढतो. तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब, आणि हे सगळं एकाच भोकात, हा कोपरा. असे चार कोपरे म्हणजे फेरी. मधल्या बाजूंना प्रत्येक भोकात नुसते तीन खांब. बऱ्याच नमुन्यांत तीन खांबांच्या दोन झुबक्यांच्या मध्ये एक साखळी सांगतात, ती तू घालू नकोस. तिच्याविना जाळी घट्ट राहते आणि बाळाची बोटं त्यात अडकत नाहीत. उलट कधी कडा झालरीसारख्या लहरायला लागल्या तर समजायचं की साखळ्या जास्त झाल्या किंवा हात सैल पडतोय.

दुसरं, तुझे खांब मला बुटके दिसतात. मला शंका आहे की तू एखाद्या ब्रिटिश बाईचा व्हिडिओ बघितलास आणि नावं अमेरिकन धरलीस. अमेरिकेत ज्याला डबल म्हणतात त्याला इंग्लंडात ट्रेबल म्हणतात, आणि इंग्लंडातला डबल म्हणजे आपला मुका खांब, खांबाहून बुटका टाका. तू बोलण्याकडे लक्षच देऊ नकोस, हाताकडे बघ. सुईवर आधी एक वेढा, मग भोकातून दोरा ओढून घेतला की सुईवर तीन वेढे, ते दोनदोन करून दोनदा सोडवायचे. हा आपला खांब.

तिसरं म्हणजे प्रत्येक फेरी संपली की काम उलटायचं. सगळ्या फेऱ्या एकाच बाजूने विणत गेलं की चौकोन हळूहळू पिळतो, कोपरे एका अंगाला सरकतात. एका चौकोनात ते कळत नाही, पण जोडायला घेतलं की कोपऱ्याशी कोपरा जुळत नाही.

सुरुवात चार साखळ्यांचं कडं करून कर. व्हिडिओत ती "जादूची रिंग" दाखवतात, ती ओढून मधलं भोक बंद करता येतं आणि फार सुबक दिसते. पण तिचं सगळं वजन एका शेपटावर, म्हणजे दोऱ्याच्या सुट्या टोकावर, असतं. ते सुटलं की पोटातून चौकोन उसवतो. रोज धुवायच्या वस्तूला साखळ्यांचं कडंच चांगलं.

पाच फेऱ्यांचा एक चौकोन साधारण बारा सेंटिमीटरचा होतो. पहिल्या फेरीत बारा खांब, मग प्रत्येक फेरीला बारा वाढतात, म्हणजे एका चौकोनात एकशे ऐंशी. सात गुणिले सात, 49 चौकोन. एकूण 8820 खांब. हा आकडा सुनबाईला सांगून ठेव, म्हणजे "आई, काय करताय दिवसभर?" असं कुणी विचारणार नाही. दुपारचं जेवण झाल्यावर दिवसाला एक काढलास तरी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे हातात असतील.

आता जे सांगण्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते. तू लिहिलंस की विहीणबाईंना जन्माआधी बाळासाठी नवीन काही केलेलं चालत नाही, आणि त्यामुळे तू सुईच खाली ठेवायच्या बेतात आहेस. ठेवू नकोस. त्यांच्याशी वादही घालू नकोस. आपल्याकडे पहिल्या दिवसात बाळाला जुन्या धुवट सुती साडीचंच दुपटं घेतात, आणि ते बरोबरच आहे, त्याहून मऊ दुसरं काही नसतं. माझा सल्ला असा की तू चौकोन विणत राहा. सुटे चौकोन म्हणजे काही दुपटं नव्हे. ते उशीचे अभ्रे होऊ शकतात, टेबलावरची आसनं होऊ शकतात, विहीणबाईंना काय वाटायचं ते वाटू दे. एप्रिलअखेरीस फक्त सातसातच्या पट्ट्या जोडून डब्यात भरून ठेव. पट्टीला पट्टी जोडायची ती बाळ आल्यावर. सात पट्ट्यांना सहा लांब शिवणी लागतात, आणि मग भोवती काठाच्या दोन फेऱ्या. बारसं बाराव्या दिवशी. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, न्हाऊ-माखू, येणारे-जाणारे हे सगळं धरलं तरी दोन दिवसांत एक शिवण होतेच. म्हणजे दुपटं म्हणून ते बाळाच्या जन्मानंतरच जन्माला येईल आणि बारशाला पाळण्याशी हजर असेल. एकसंध विणायचं घोंगडं घेतलं असतंस तर ही सोय नव्हती.

पट्ट्या जोडताना चौकोन पालथे घालून समोरासमोर धर आणि फक्त बाहेरच्या अर्ध्या टाक्यातून मुका खांब घालत जा. शिवणीचा उंचवटा कमी येतो आणि तो पाठीकडेच राहतो. कोपऱ्यात मात्र दोरा घट्ट ओढ, चार चौकोनांच्या मधोमध भोक राहिलं की पायाचा अंगठा नेमका तिथेच जातो.

जोडणीचा रंग काळा घे. ओरडू नकोस, ऐकून घे! अमेरिकेतल्या जुन्या ग्रॅनी ब्लँकेटांना बहुतेकदा काळीच चौकट असते. हा चौकोन 1885 साली 'प्रेअरी फार्मर' या शिकागोच्या शेतकी पत्रात छापला होता. उरलेले तुकडे एकत्र करायचे हाच त्याचा मूळ उद्देश, आणि कुठलेही विजोड रंग काळ्याने एका घरात नांदवता येतात. राहता राहिलं "बाळाला काळं कशाला?" अगं, संक्रांतीला बोरनहाणाला आपणच बाळाला काळं झबलं घालतो, गालाला काळी तीट लावतो, मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या घालतो. काळ्यावाचून आपलं बाळ घराबाहेर पडत नाही, मग दुपट्याच्या काठालाच काय झालं?

एकच अट. काळा आणि डाळिंबी दोरा आधी कोमट पाण्यात तासभर भिजव आणि पांढऱ्या फडक्यात पिळून बघ. रंग उतरला तर तो दोरा परत कर किंवा स्वतःच्या पिशवीला वापर. बाळं दुपट्याचा कोपरा तोंडात घालतातच.

शेपटांचं काम कंटाळवाणं आहे, ते गोड करून सांगत नाही. एका चौकोनात तीन रंग वापरलेस तर सहा टोकं, म्हणजे एकूण 294. चौकोन संपला की तिथल्या तिथे ओवून टाक, शेवटी एकत्र करायला ठेवलंस तर तू मला शिव्या देशील. बोथट सुईने एकदा उजवीकडे, मग परत डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, असं तीनदा फिरव. नुसती गाठ मारून कापायचं नाही. सुती दोरा निसरडा असतो, धुण्यात टोक बाहेर येतं, आणि सुटा दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडतं. म्हणून लोंबत्या झालरी आणि गोंडेही नकोत, कितीही सुंदर दिसले तरी. आणि झोपलेल्या बाळाजवळ ते सुटं पडू देऊ नका, बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर अंथरुणात सैल पांघरूण नकोच म्हणतात. मांडीवर घ्यायला, उन्हात बसवायला, चटईवर पालथं घालायला वापरा. पण वापरा हं. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलंस तर मी पुण्याहून येऊन काढीन.

धुणं रिठ्याच्या पाण्यात, आणि वाळवणं आडवंच, चटईवर पसरून. ओलं सूत जड होतं, दोरीवर टाकलं की खांब ओघळतात आणि चौरस दुपट्याचं धोतर होतं.

तुला उगाच एकटं वाटू नये म्हणून सांगते, 31 जानेवारी 2016 ला चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटातल्या बायकांनी घरोघरी विणलेले चौकोन जोडून 11,148.5 चौरस मीटरचं ब्लँकेट केलं आणि गिनीज बुकात नाव घातलं. त्यामानाने तुझं माझं काम म्हणजे किरकोळ! कारखान्यात खरं क्रोशे यंत्रावर विणलं जात नाही, हेही लक्षात ठेव. बाजारात जे काही खरं क्रोशे दिसतं ते कुणाच्या तरी हातातून गेलेलं असतं. त्यामुळे दोनशे रुपयांत क्रोशाचा टॉप मिळाला की मला आनंद होत नाही, तो विणणारीला काय मिळालं असेल याचा हिशेब डोक्यात सुरू होतो.

असो. माझ्याकडे साडेतीनच्या दोन सुया आहेत, लाकडी मुठीच्या, बोटं कमी दुखतात. त्यातली एक आमचा भाचा पुढच्या शनिवारी नागपूरला येतोय त्याच्याबरोबर पाठवते. बोथट सुयांचं पाकीटही देते. त्याला जेवायला घाल, सावजी नको, पोटाचा नाजूक आहे.

लेकीला सांग, पाय सुजत असतील तर उंचावर ठेवून बस आणि डॉक्टरांना सांगायला कंटाळू नकोस. तुझ्या आईला नमस्कार. तिच्या हातचा जुन्या नऊवारीचा तुकडा शिल्लक असेल तर तो पहिल्या दुपट्यासाठी आत्ताच धुऊन ठेव.

नवा चौकोन झाला की फोटो काढ, पण उजेडात, आणि दोन्ही बाजूंनी. पाठ बघितल्याशिवाय मी शाबासकी देत नसते.

तुझीच,
शैला