संसर्गदर छापा, पण छेदासकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे आकडे रुग्णालयाच्या नावानिशी जाहीर करा, ही आपल्या वृत्तपत्राने लावून धरलेली मागणी मला मान्य आहे. मी संसर्ग नियंत्रण विभागात परिचारिका होते. आमच्या क्षेत्रातले बरेचजण या मागणीने बिथरतात, हेही ठाऊक आहे. माझा विरोध आहे तो त्या आकड्यांवरून रुग्णालयांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देण्याला.

तुलनेने जीव वाचतात, हे जुनेच आहे. १८४०च्या दशकात व्हिएन्नाच्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात सुमारे दहा टक्के बाळंतिणी दगावत, दुसऱ्यात चार टक्क्यांच्या आत. डॉक्टरांनी कारण शोधण्याआधीच बायकांना हे माहीत होते. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या हातापाया पडत. १८४७च्या मे महिन्यात तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आले. तिथली तुलना चोख होती, कारण कोणत्या विभागात जायचे हे दाखल होण्याचा वार ठरवत असे. दोन्हीकडच्या बायका सारख्याच.

तुलना फसते कशी, तेही पाहा. १८६३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९०.८४ टक्के छापला. म्हणजे शंभरातले जेमतेम नऊ जिवंत घरी जात होते? छे! वर्षभरातल्या ३,८२८ मृत्यूंना एका ठरावीक दिवशी खाटांवर असलेल्या ४,२१४ रुग्णांनी भागले होते. अंश वर्षाचा, छेद एका दिवसाचा. आकडेमोडीत एवढ्या तयारीच्या बाईंच्या हातून हे झाले, तर घाईत केलेल्या यादीत काय होईल?

आयसीयूमध्ये छेद रोज हाताने तयार होतो. रोज ठरलेल्या वेळी परिचारिका खाटेखाटेपाशी जाते आणि ज्याला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे त्याच्यापुढे खूण करते. महिन्याच्या खुणांची बेरीज म्हणजे लाइन-दिवस. समजा, एका ठिकाणी ४०० लाइन-दिवसांत रक्तातले दोन संसर्ग झाले आणि दुसरीकडे १,५०० दिवसांत तीन. नुसते मोजले तर दुसरे रुग्णालय वाईट. हजार दिवसांमागे काढले तर पहिल्याचा दर पाच, दुसऱ्याचा दोन. आणि ज्याचे लाइन-दिवस सगळे मिळून साठच आहेत, त्याच्या शून्याला काहीच अर्थ नाही. शिवाय भाजलेल्या रुग्णांचा आयसीयू आणि साध्या शस्त्रक्रियांचे रुग्णालय एका रांगेत बसवता येत नाही.

मला खरी धास्ती वाटते ती शून्याचीच. ताप आला की आधी अँटिबायोटिक सुरू करायचे आणि ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) नंतर पाठवायचे किंवा पाठवायचेच नाही, म्हणजे जंतू सापडत नाही आणि रजिस्टर स्वच्छ राहते. शस्त्रक्रियेच्या जखमेवर तीस दिवस लक्ष ठेवायचे असते, सांधा वगैरे बसवला असेल तर नव्वद. रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी जातो, दहाव्या दिवशी टाक्यांतून पू येतो आणि तो जवळच्या डॉक्टरकडे दाखवून मोकळा होतो. रुग्णालयाच्या दफ्तरी तो ठणठणीत. जे रुग्णालय फोन करून ‘जखम लाल झाली आहे का, पाणी येते का’ असे विचारते, त्याचा दर चढतो. आपल्या यादीत तेच तळाला जाईल, आणि पुढच्या वर्षी फोन करणे बंद होईल.

म्हणून आकडे झाकावेत असे मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये २००१ पासून एमआरएसएच्या, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणाऱ्या एका जंतूच्या, रक्तसंसर्गाची नोंद सक्तीची झाली, संस्थांचे आकडे नावानिशी प्रसिद्ध होऊ लागले, आणि त्या दशकाच्या अखेरीस हे संसर्ग निम्म्याहूनही कमी झाले. एकच जंतू, एकच व्याख्या, प्रयोगशाळेचा अहवाल. त्यात पळवाटा कमी.

तेव्हा आपण तक्ता छापालच, तर दराशेजारी लाइन-दिवस द्या, किती ब्लड कल्चर पाठवले ते द्या, घरी गेलेल्यांपैकी कितीजणांची चौकशी झाली तेही द्या. रुग्णालयाची तुलना आधी त्याच्याच मागच्या वर्षाशी करा. आणि जे ही माहिती देणार नाही, त्याच्या नावापुढे शून्य न लिहिता ‘माहिती दिली नाही’ असे ठळक छापा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका