लॅमिंग्टन रोडच्या काकांचे आभार

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असलेल्या काकांनी माझा काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करून दिला. नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून इथे आभार मानतो.

व्हॉल्व्ह रेडिओला मोबाइल जोडण्याच्या नादात गुरगुर कमी व्हावी म्हणून ईझेड८० या रेक्टिफायर (एसीचं डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हनंतर २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला होता. हा हावरटपणा! त्या रेक्टिफायरला पहिला कपॅसिटर ५० पर्यंतच झेपतो. चालू करताच आत ठिणग्या. वर ईएल८४ ची, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हची, प्लेट लालबुंद.

दुकान बंद करायची वेळ, तरी काकांनी अर्धं ओढलेलं शटर पुन्हा वर केलं. आधी १० किलोओहमच्या रेझिस्टरने कपॅसिटर रिकामे केले, मग जास्त प्रवाह जाऊ नये म्हणून ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावूनच सेट चालू केला. ईएल८४ च्या २ नंबर पिनवर (ग्रिड) शून्य व्होल्ट हवेत, होते अधिक ४. ३ नंबरवर (कॅथोड) ७ च्या जागी ११, म्हणजे व्हॉल्व्हमधून जास्त प्रवाह जात होता. "व्हॉल्व्ह बरा आहे रे, हा कागदी कपॅसिटर गळतोय," म्हणत त्यांनी ग्रिडवर डीसी सोडणाऱ्या त्या कपॅसिटरच्या जागी ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर बसवला आणि २२० काढून ४७ लावला. मोबाइलच्या डाव्या-उजव्या तारा थेट एकत्र जोडल्या होत्या, त्या एकमेकींवर भार टाकू नयेत म्हणून त्यांत १०-१० किलोओहमचे रेझिस्टर घातले.

नवा व्हॉल्व्ह सहज विकता आला असता. घेतले फक्त सुट्या भागांचे पैसे. जुना कपॅसिटर कागदात गुंडाळून, वर पेनाने "गळका" लिहून हातात दिला.

काका, आता ३ नंबरवर ७.१ व्होल्ट येतात. मनापासून आभार.