पालकमंत्री महोदय, आमची उष्णतेची लाट ४५ ला नाही, ३६-३७ लाच सुरू होते

मा. पालकमंत्री,
सोलापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

मी जुळे सोलापुरात राहते, घरी शिकवण्या घेते आणि मला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस आहे. ऑटोइम्यून आजार, यात आपली रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर हल्ला करते. पहिला पाऊस पडला की सगळ्यांना उन्हाळ्याचा विसर पडतो म्हणून आत्ताच लिहितेय. जिल्ह्याचा पुढचा उष्णता कृती आराखडा बनेल तेव्हा त्यात आमच्यासारखे पेशंट असले पाहिजेत, एवढं एकच मागणं घेऊन आलेय.

दरवर्षी उन्हाळ्यात आवाहन निघतं, १२ ते ३ बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, ओआरएस घ्या, आणि लहान मुलं, ज्येष्ठ, गरोदर बायका, उन्हात राबणारे मजूर, बीपी-शुगर-हार्टचे पेशंट यांनी जास्त काळजी घ्या. सगळं बरोबरच आहे, त्यातल्या एकाचंही नाव कमी करा असं मी म्हणणार नाही. पण आमचं नाव त्यात कुठंच नसतं.

हवामान खात्याच्या हिशोबाने मैदानी भागात पारा किमान ४० ला गेल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाहीत, आणि त्यातही तो सरासरीपेक्षा साडेचार अंशाने जास्त पाहिजे, नाहीतर मग थेट ४५. आता आपल्या सोलापूरची मे महिन्यातली सरासरीच ४० च्या आसपास, म्हणजे ४३ अंशात अख्खं शहर भाजून निघालं तरी कागदावर लाट नसते, आणि लाट नाही म्हणून यंत्रणा पण हलत नाही. आणि आमचं काय होतं तर मार्चमध्ये ३६-३७ लाच आम्ही आडवे होतो.

का होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं हिला ऊन सोसत नाही, नाजूक आहे. वायरवर जसं प्लॅस्टिकचं कव्हर असतं तसं नसांवर मायलिनचं असतं, एमएसमध्ये ते जागोजागी निघून गेलेलं असतं. शरीराचं तापमान अर्धा अंश जरी वाढलं तरी अशा नसांमधून संदेश नीट जात नाही, मध्येच अडतो. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने हे १८९० मध्येच लिहून ठेवलंय, त्याच्या पेशंटना श्रम केले की अंधुक दिसायचं. एमआरआय नव्हते तेव्हा तर डॉक्टर पेशंटला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का बघायचे, त्यावरून निदान करायचे! म्हणजे हे काही नवीन फॅड नाहीये.

माझ्या घरातलं सांगते. एप्रिलमध्ये गॅसपुढं भाकऱ्या थापायला उभी राहिले की थोड्या वेळात तव्यावरची एक भाकरी दोन दिसायला लागते, मग डावा पाय उचलत नाही, मग हातातून उलथनं सुटतं. गॅस बंद करायचा, भिंत धरून कूलरपुढं यायचं, आपला सोलापुरी टॉवेल ओला करून मानेवर टाकायचा आणि गप बसायचं. अर्ध्या-पाऊण तासात नजर परत येते, पाय पण येतो. कायमचं नुकसान यातून होत नाही असं डॉक्टर सांगतात आणि तो मोठा आधार आहे, पण हेच सात रस्ता चौकात रस्ता ओलांडताना झालं तर अर्धा तास थांबणार कोण? आणि संध्याकाळी हीच बाई नीट चालताना दिसली की लोक म्हणतात, दुपारी नाटक करत होती की काय. ते फार लागतं हो.

मी तरी घरात बसून काम करते. पूर्व भागातली माझ्या ओळखीची एक ताई विड्या वळते, तिला ल्युपस आहे, तोही ऑटोइम्यून आजारच. ल्युपसला ऊन म्हणजे नुसता त्रास नाही, उन्हातल्या अतिनील किरणांनी आजार भडकतो, तोंडावर लाल चट्टे येतात, सांधे सुजतात, कुणाकुणाचं किडनीपर्यंत जातं. ती दिवसभर पत्र्याखाली बसून पान कापते, विड्या वळते आणि माल द्यायला परत उन्हातूनच कारखान्यात जाते, कारण माल नाही दिला तर हातात पैसे नाहीत. ल्युपसच्या दहा पेशंटमधल्या साधारण नऊ बायका असतात आणि आपल्या शहरात विड्या वळणाऱ्याही बायकाच, या दोन गोष्टी आजवर कुणी जोडून बघितल्या असतील असं मला वाटत नाही. शोग्रेन म्हणजे डोळे-तोंड कोरडं पाडणारा असाच ऑटोइम्यून आजार, त्याच्या काही पेशंटना घामच नीट येत नाही, ग्रेव्हज म्हणजे थायरॉईड वाढलेल्यांचं शरीर स्वतःच जास्त उष्णता तयार करतं, आणि आम्हाला लघवी धरता यावी म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी पण घाम कमी होतो.

आता यावर उपाय काय तर अंग थंड ठेवणं, बास. आपली हवा कोरडी असल्यामुळं साधा कूलर इथं मस्त चालतो, एसी नसला तरी भागतं, पण कूलरला पाणी लागतं आणि आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड. उजनी धरण भरलेलं असो की रिकामं, आमच्या गल्लीत काही फरक पडत नाही. त्यात लाईट गेली की पंखा पण बंद, आणि ४० च्या वर पंखा असून तरी काय, गरम वाराच अंगावर येतो. वर फ्रीजमध्ये इंजेक्शनं असतात, एमएसची असोत की संधिवातावरच्या बायोलॉजिक नावाच्या महागड्या औषधांची, २ ते ८ अंशातच ठेवावी लागतात आणि एकेकाची किंमत ऐकली तर तुम्हालाही घाम फुटेल. दुपारी लाईट गेली की घरातलं कुणी फ्रीज उघडू देत नाही, प्यायचं थंड पाणीसुद्धा घेत नाही कुणी.

आणि ते भरपूर पाणी प्या! एमएसमध्ये लघवी धरवत नाही. बाजारात जायचं, बँकेत जायचं तर बायकांसाठी स्वच्छ मुतारी कुठंय हे आधी डोक्यात येतं आणि मग निघताना आम्ही पाणीच पीत नाही. ४२ अंशात, मुद्दाम, पाणी न पिता बाहेर पडतो. याच्यावर कुणी विचार केलाय का?

सर्टिफिकेटचं पण सांगायचंय. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आले, त्यात एमएस आहे, चांगलं झालं. ल्युपस नाही. पण तपासणीला डिसेंबरच्या थंडीत सकाळी बोलावलं तर मी सरळ चालत जाते, मग सवलतींसाठी लागणारं ४० टक्के दिव्यांगत्व कसं बसणार? एका ठिकाणी मला तोंडावर सांगितलं, तुम्ही तर चांगल्या दिसताय. साहेब, उन्हाळ्यात गरम झाल्यावर हे चालणं किती राहतं ते कुठंतरी लिहिलं गेलं पाहिजे की नाही, तुम्हीच सांगा की.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तुम्ही आहात म्हणून तुमच्याकडंच मागते. आराखड्यातल्या जोखमीच्या यादीत एमएस, ल्युपस, शोग्रेन, ग्रेव्हज ही नावं घाला आणि आशाताईंना घरोघर जाताना ती विचारायला सांगा. आमच्यासाठी सूचना ३६ पासून द्या, लाट जाहीर व्हायची वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात मार्च ते जून आमची ओपीडी आणि दिव्यांग तपासणी सकाळी लवकर ठेवा, थांबायला कूलरची एक खोली द्या. महावितरणने ठरवून लाईट बंद करायच्या आदल्या दिवशी मेसेज पाठवावा, आणि प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आमच्या इंजेक्शनसाठी इन्व्हर्टरवरचा एक छोटा फ्रीज असावा, लसीच्या फ्रीजमध्ये दुसरं काही ठेवता येत नाही हे माहितीये मला, म्हणूनच वेगळा मागतेय. बायकांच्या मुताऱ्या तर सगळ्यांनाच हव्यात.

यातलं बरंचसं कमी पैशात होण्यासारखं आहे. फेब्रुवारीच्या आत बैठक लावा, आम्ही काही पेशंट यायला तयार आहोत, कुठल्या भागात कुणाला काय अडचण येते ते आमच्याकडं लिहून तयार आहे. फक्त बैठक सकाळची ठेवा आणि तळमजल्यावर.

आपली नम्र,
एक एमएस पेशंट, सोलापूर