ताप, भार, जागा

अमळनेर,
वैशाख शुद्ध त्रयोदशी

प्रिय मित्रा,

काय चाली ऱ्हायनं भो? काकूंचा गुडघा आता कसा आहे? इकडे बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली आहे. परवा एकादशीला रथ झाला, आता पौर्णिमेला पालखी. पाळण्यांचा आणि भोंग्यांचा आवाज मध्यरात्रीपर्यंत घरात घुमतो. त्यामुळे रेकॉर्डिंगचं काम बंद ठेवलंय आणि तुला निवांत लिहायला सवड मिळाली आहे.

तुझं पत्र मिळालं. ‘लॅपटॉप म्हातारा झालाय, दिवाळीपर्यंत पैसे साठवून नवा घेतो’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. घेऊ नको असं मी म्हणत नाही. पण त्याला नेमकं काय होतंय ते आधी बघ. मी वेळेवर बघितलं नाही आणि त्यापायी माझ्या हातून जे गेलं, ते अजून परत मिळालेलं नाही. ते तुला सविस्तर कधी सांगितलंच नव्हतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आपली खान्देशाची देवी कानबाई बसायला आठवडा होता. मोठीमायला मी आमच्या घरी आणलं, मधल्या खोलीत सतरंजीवर बसवलं, समोर मायक्रोफोन ठेवला. संगणकाच्या पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून तो पलीकडच्या खोलीत, मध्ये लांब वायर. तिने कानबाईचं ते लांबलचक गाणं धरलं, जे तिला तिच्या आईकडून आलं होतं. तू ऐकलंयस ते लहानपणी, रोटांच्या दिवशी. तासाच्या वर गायली ती. मध्ये दोनदा पाणी प्यायली आणि पुन्हा अचूक त्याच कडव्यावर आली. संपल्यावर मी आत जाऊन बघतो तर रेकॉर्डिंग चाळिसाव्या मिनिटालाच थांबलेलं. डिस्क भरली होती.

मला तिला सांगवेना. तिलाच काहीतरी कळलं. म्हणाली, ‘पोऱ्या, मना आवाज कथा गया?’ माझा आवाज कुठे गेला, असं विचारत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, आठवड्याने पुन्हा बसलो. पण त्या दिवसासारखं ते गाणं तिला सलग आठवलेलं नाही. मधली आठ-दहा कडवी निसटतात.

आता हिशेब सांगतो, कारण तूही तुझ्या सासुरवाडीची गाणी रेकॉर्ड करायचं म्हणतोयस. मी रेकॉर्डिंगला वापरतो त्या ऑडॅसिटी प्रोग्राममध्ये साधारणपणे आवाजाचा प्रत्येक नमुना ३२ बिटांत साठतो, सेकंदाला ४४,१०० नमुने. स्टिरिओ म्हणजे हे दोनदा. तासाला सव्वा जीबीपेक्षा जास्त होतं. एका बाईचा आवाज एका मायक्रोफोनने घेताना स्टिरिओची गरजच नव्हती, मोनो ठेवलं असतं तर निम्म्यात भागलं असतं. पण खरी जागा त्यानंतर जाते. पूर्ण गाण्यावर घरघर काढायची प्रक्रिया एकदा चालवली की बदललेला आवाज नव्याने लिहिला जातो, आणि ‘अनडू’ करता यावं म्हणून जुनाही तसाच राहतो. तीन प्रक्रिया केल्या की एका तासाच्या गाण्याचे पाच जीबी. माझ्याकडे अशी चार गाणी अर्धवट पडलेली होती आणि विंडोजऐवजी मी जी लिनक्स प्रणाली वापरतो तिला मी डिस्कचा जेमतेम ३० जीबीचा तुकडा दिला होता. पडद्याच्या तळाशी अजून किती वेळाचं रेकॉर्डिंग मावेल ते बारीक अक्षरांत लिहून येतं. पण मी त्या वेळी मोठीमायच्या तोंडाकडे बघत होतो, आणि तिच्याकडेच बघायला हवं होतं.

म्हणून मला असं काहीतरी हवं होतं जे उघडावं लागणार नाही. सिस्टिम मॉनिटर असतोच, टर्मिनलमध्ये एचटॉपही आहे, पण शंका आली तरच माणूस ते उघडतो. शोधता शोधता काँकी मिळाला. छोटासा, फुकट, मुक्त प्रोग्राम. टॉर्स्मो नावाच्या त्याहून जुन्या प्रोग्रामपासून तो निघाला. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात, भिंतीवर घड्याळ असावं तसा तो आकडे दाखवत राहतो. काय दाखवायचं ते एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहायचं, सेव्ह केलं की समोर बदल दिसतो.

हे आकडे येतात कुठून, ते कळल्यावर मला फार आनंद झाला. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यातल्या फायली डिस्कवर नसतातच. आपण फाइल वाचायला गेलो की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या क्षणाचे आकडे तिथल्या तिथे लिहून हातात देतो: मेमरी किती, प्रोसेसर किती वेळ कामात आणि किती वेळ रिकामा, कोणता प्रोग्राम किती खातोय. काँकी ठरावीक वेळाने तिथे डोकावतो आणि वाचलेलं पडद्यावर मांडतो, बाकी काही नाही. मी तीन सेकंदांचं अंतर ठेवलंय. फार घाईने वाचायला लावलं तर तो स्वतःच प्रोसेसरवर ओझं होतो.

एक गंमत तुला आवडेल. मला नावं मराठीत हवी होती. ‘प्रोसेसर’, ‘शिल्लक’ असं लिहिलं तर जोडाक्षरं तुटायची आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची, कारण अक्षरं एकमेकांत गुंफायचं काम माझ्याकडचा काँकी करत नाही, एकापुढे एक ठेवत जातो. मग मी असे शब्द शोधायला लागलो ज्यांत जोडाक्षर नाही, वेलांटी नाही. ताप. भार. जागा. तिन्ही धड उमटले. आता माझ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरून खाली हे तीन शब्द आहेत आणि त्यांच्यासमोर आकडे. जागा पाच जीबीच्या खाली गेली की ती ओळ लाल होते. मोठीमायला वाचता येत नाही, पण लाल झालं की ती बोट दाखवते.

भार समजायला मला वेळ लागला. तिथे तीन आकडे असतात: गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांची सरासरी, की किती कामं चालू आहेत किंवा रांगेत उभी आहेत. माझा प्रोसेसर एका वेळी चार कामं पेलतो, म्हणजे चारपर्यंत काळजी नाही. एका रात्री भार सहावर गेला आणि प्रोसेसर मात्र जेमतेम वीस टक्के कामात. हे कसं? लिनक्स डिस्कची वाट बघत थांबलेली कामंही भारात मोजतं. मी मागे बाहेरच्या डिस्कवर सगळ्या गाण्यांची प्रत काढायला लावली होती आणि पुढे नवं गाणं संपादित करत होतो. दोघांना एकच हार्ड डिस्क. प्रोसेसर बिचारा रिकामा बसून होता. त्या रात्रीपर्यंत मशीन मंद झालं की मी प्रोसेसरलाच दोष द्यायचो.

मेमरीचंही तसंच. ४ जीबीमधली जेमतेम तीनशे एमबी ‘फ्री’ दिसली की छातीत धस्स व्हायचं. पण रिकामी मेमरी लिनक्स वाया जाऊ देत नाही, नुकत्याच वाचलेल्या फायली तिथे धरून ठेवतं आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की सोडून देतं. लग्नघरी ओसरीवर पाहुणे टेकलेले असतात, पंगत मांडायची वेळ झाली की उठतात, तसं. बघायचा आकडा ‘अव्हेलेबल’ हा. तो संपत आला आणि स्वॅप वाढायला लागला, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवणं सुरू झालं, तेव्हा खरी अडचण. हार्ड डिस्क मेमरीपेक्षा हजारो पटींनी सावकाश. रेकॉर्डिंग लिहायचं तेही त्याच डिस्कवर. मग आवाजात मध्येच खाच पडते. माझ्या दोन ओव्यांमध्ये अशा खाचा आहेत, आणि दोन्ही वेळा ब्राउझरमध्ये पंधरा-वीस पानं उघडी होती. आता गाणं सुरू करण्याआधी ब्राउझर बंद.

आणि ताप. हा तर आपल्या खान्देशाचाच प्रश्न. ही मशीन काकांच्या जिनिंगच्या ऑफिसातून आलेली, तुला ठाऊक आहे. हिवाळ्यातसुद्धा ‘ताप’समोर ७८ दिसायचं. मला वाटायचं, जुनी आहे, असेल तसं. यंदा चैत्र सरता सरता दुपारी बाहेर ४४ अंश, आणि मी एका गाण्याची घरघर काढायला लावली. ताप ९८. बरोबरच मी वेगाचा आकडाही लावला होता. एरवी ३.३ गिगाहर्ट्झ असणारा तो १.६ वर आला. प्रोसेसर शंभरीजवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवतो, हे मी वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने याच मशीनला हात न लावता ‘बोर्ड गेलंय, नवी घ्या’ असं सांगितलं होतं.

रविवारी अंगणात नेऊन कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ते ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे असतात ना, ते दिसतच नव्हते. त्यांच्यावर रुई बसली होती. धूळ नव्हे रे, रुईच. जिनिंगमध्ये हवेत उडणारे बारीक तंतू वर्षानुवर्षं पंख्याने ओढून घेतले आणि त्यांचा जाड थर झाला, उशीतून काढल्यासारखा. मी तो सलग सोलून काढला. एवढी वर्षं ती मशीन अंगावर गोधडी घेऊन उन्हात बसली होती. खाली प्रोसेसरची उष्णता त्या पत्र्यांकडे नेणारी जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून नवी लावली, दोन-अडीचशे रुपयांची छोटी ट्यूब जळगावहून मागवली. त्याच दुपारी, तेवढ्याच उन्हात, तेच गाणं, तीच प्रक्रिया: ताप ६४. वेग ३.३ वरून हलला नाही. मी कितीतरी वेळ नुसता त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

लहानपणी आपण विप्रोच्या त्या कारखान्याच्या भिंतीलगत सायकली दामटायचो. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपासाठी सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो म्हणून संगणकाच्या धंद्यात जगभर गेली, याचा आपल्याला केवढा अभिमान! मला संगणकाच्या पोटात डोकवायला चाळिशी उलटावी लागली. तुझं तसं होऊ नये.

तुझ्याकडे विंडोज आहे, म्हणून काँकी तुझ्या कामाचा नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल, तो १९९६ च्या विंडोज एनटी ४.० पासून आहे. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि लॅपटॉप मंद झालेला असतानाच बघ, नंतर नको. डिस्क सतत शंभर टक्के असेल आणि प्रोसेसर शांत, तर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसव, बहुतेक तेवढ्याने भागेल. मेमरी नव्वदीच्या पुढे असेल तर आणखी मेमरी घालता येते का ते विचार. प्रोसेसरचा वेगच खाली पडलेला दिसला तर बहुतेक आत धूळ असणार. प्रोसेसरचा ताप मात्र टास्क मॅनेजर दाखवत नाही. त्यासाठी कोअर टेम्पसारखा वेगळा प्रोग्राम लागतो. आकडे कोपऱ्यात कायम दिसत राहण्यासाठी रेनमीटर बघ, तोही काँकीसारखा मुक्त आहे. माझ्या काँकीत एक खोड आहे तीही सांगून ठेवतो: मशीन पुन्हा सुरू केलं की कधीकधी सेन्सरचा क्रमांक बदलतो आणि ‘ताप’समोर भलताच आकडा येतो. आकडा खरा वाटला नाही तर दुसऱ्या साधनाने पडताळून घेत जा. जे दिसेल ते मला लिही, आपण मिळून ठरवू.

मोठीमायची धाकटी बहीण कापडण्याला असते. परवा फोनवर बोलता बोलता कळलं, निसटलेल्यांपैकी चार-पाच कडवी तिला येतात. श्रावणात दोघींना एकत्र बसवायचं ठरलंय, कानबाईच्या आधीच्या गुरुवारी. वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. जागा मी आत्ताच मोकळी करून ठेवली आहे. दोघी गायला लागल्या की मला त्यांच्यासमोरून हलता येणार नाही. पलीकडच्या खोलीत पडद्यासमोर बसून त्या तीन ओळींवर नजर ठेवायला तू हवा आहेस.

काकूंना नमस्कार.

तुझाच