कोणत्या खोलीत बसणार, ते विचार

सांगली,
शनिवार, रात्री उशिरा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

आजीचा गुडघा बरा आहे. काल काठी टेकत परसदारापर्यंत गेली आणि परत येताना मलाच ओरडली, की हात धरू नकोस. तेव्हा तिकडची काळजी नको.

गुरुवारी तू कॉलेजात कोचना भेटायला जाणार, त्याआधी हे पत्र, आणि मुद्दाम मराठीत लिहितोय. दर रविवारी कुरकुरत का होईना, मराठी शाळेत गेलास, त्याची आज वसुली. अडलास तर आईकडून वाचून घे, पण अमेरिकन फुटबॉलचे परिच्छेद तुझे तूच वाच. तिला अजून पंट आणि फील्ड गोल यांतला फरक कळत नाही.

परवा फोनवर तू "ट्वीनर" हा शब्द असा उच्चारलास, जणू कुणी तुला शिवी दिली. पुढे राहून धाव अडवणारा लाइनबॅकर म्हणून वजन कमी, सगळ्यांत मागे पास राखणारा सेफ्टी म्हणून पाय जड. मला लगेच माझ्या आजोबांचं वाक्य आठवलं, "एक ना धड, भाराभर चिंध्या". ते तोंडात आलं होतं, गिळलं. बरं झालं गिळलं, कारण त्यानंतरचे चार दिवस आजी झोपली की मी मोबाइलवर जुने सामने बघतोय आणि माझं मत पार बदललंय.

आधी हे समजून घे, की ही दोघांमधली जागा कुणाच्या दयेवर निर्माण झालेली नाही. कॉलेजच्या मैदानाची रुंदी १६० फूट. त्यावरच्या दोन हॅशमध्ये, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुणांच्या दोन रांगांमध्ये, अंतर ४० फूट. म्हणजे चेंडू एका हॅशवर ठेवला, की एका बाजूला ६० फूट उरतात आणि दुसरीकडे १०० फूट मोकळं रान. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये हेच अंतर साडेअठरा फूट आहे, तिथे चेंडू जवळजवळ मधोमधच असतो. त्या १०० फुटांत पास झेलणारे तीन रिसीव्हर पसरून उभे राहिले, तर तिथे उभा करायचा कोण? जाडजूड लाइनबॅकर उभा केला, तर तो त्यांच्यामागे धावून दमतो. रिसीव्हरला राखणारा हलका कॉर्नर उभा केला, तर पुढच्याच डावाला ते त्याच्या अंगावर धावत येतात. बरं, बदलायलाही सवड देत नाहीत. आक्रमणाने खेळाडू बदलला तर बचावालाही बदलण्याची संधी द्यावी लागते, पण त्यांनी बदललाच नाही आणि घाईघाईने रांगेत येऊन चेंडू उचलला, तर मैदानात जे अकरा आहेत त्यांनीच निभवायचं. तेव्हा दोन्ही कामं जमणारा एक तरी हवाच. तो तू.

आणि ती आरपीओची भानगड, धाव की पास हे ऐनवेळी ठरवायचा तो डाव. तू मला जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून समजावली होतीस, तेव्हा मी मान डोलावली होती, कळलं काहीच नव्हतं. आता कळलं. पास टाकणारा क्वार्टरबॅक एका बचावपटूकडे बघतो. तो पुढे सरकला, की त्याच्या पाठीमागे पास. तो जागेवर थांबला, की चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटात. त्यात कॉलेजच्या नियमाप्रमाणे त्यांच्या पुढच्या रांगेतले लाइनमन पास सुटेपर्यंत तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, म्हणजे समोरच्याला ते हुबेहूब धाव वाटतं. अरे, ही तर कबड्डी झाली! चढाईवाला पाय टाकतो तो खरा बोनससाठी, का कोपऱ्याला ओढून घ्यायला? मी तालुक्याच्या संघात डावा कोपरा खेळायचो. शंभरदा फसलो. जो एक क्षण उशिरा हलूनही पोचतो, तोच चढाईवाल्याचा घोटा पकडतो. तुझ्या शेवटच्या तीन सामन्यांची चित्रफीत मी पाहिली. तू उशिरा हलतोस. तुझे कोच त्यावरून ओरडतात, पण तू पोचतोस, हे त्यांनी बघायला हवं होतं.

या जागेला प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव, आणि नावं तरी काय! स्टार, कॅश, रोव्हर, वायपर, चीता, बुलेट. दिवाळीच्या फटाक्यांच्या खोक्यावर शोभावीत. (वायपर मिशिगनचा. जब्रिल पेपर्स तिथे २०१६ साली त्या जागेवर खेळून हाइजमन या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराच्या मतदानात पाचवा आला होता. त्या विद्यापीठाचं नाव आपल्या ओहायो स्टेटवाल्या घरात घेत नाहीत, पण पत्रात चालतं.) मला सगळ्यांत आवडलं ते न्यू मेक्सिकोचं, लोबो. म्हणजे स्पॅनिशमध्ये लांडगा, त्यांच्या संघाचंच नाव. १९९८ साली रॉकी लाँग तिथे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी ब्रायन अर्लॅकर नावाच्या दांडगट पोराला या जागेवर मोकळं सोडलं. सेफ्टीसारखा मागे, लाइनबॅकरसारखा पुढे, वर अधूनमधून आक्रमणात रिसीव्हरही. पुढे २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या खेळाडू निवडीत, शिकागो बेअर्सनी त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं, लवकरच मधल्या लाइनबॅकरच्या जागी बसवलं आणि १३ मोसमांच्या कारकिर्दीत पुन्हा तिथून हलवलं नाही. २०१८ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

हे झालं गोड. आता कडू.

२८ डिसेंबर २०१९ आठवतंय? तू सहावीत होतास, फिएस्टा बोलचा सामना, आपलं ओहायो स्टेट विरुद्ध क्लेम्सन. आपण १६-० असे पुढे होतो आणि तू कोलंबसमधल्या सगळ्या मित्रांना फोन करत सुटला होतास. शेवट २९-२३, आणि तू सोफ्याच्या उशीत तोंड खुपसून झोपलास. त्या सामन्यात मध्यंतरानंतर जस्टिन फील्ड्सने लांब पास टाकला आणि कुठूनसा एक उंच पोरगा धावत आला आणि चेंडू घेऊन गेला. आयझया सिमन्स. मी तेव्हा त्याला मराठीत जे काही म्हणालो ते तू ऐकलं नसावंस अशी आशा आहे. त्या चेंडूला तो सगळ्यांत मागे सेफ्टी म्हणून उभा होता. त्याच मोसमात तो स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूच्या रिसीव्हरसमोर, उभा राहिला, मधे लाइनबॅकर म्हणून खेळला, कडेने क्वार्टरबॅकवर धावून गेला. आणि बक्षीस कुठलं मिळालं? बटकस, देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचं! सहा फूट चार इंच, २३८ पौंड आणि ४० यार्ड ४.३९ सेकंदांत. असा माणूस देव दहा वर्षांतून एकदा घडवतो.

त्याला २०२० च्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर घेतलं ॲरिझोना कार्डिनल्सनी. ज्या मैदानात त्याने आपल्याला रडवलं, ते त्यांचंच घरचं मैदान. आणि तिथे बिनसलं. करोनामुळे त्या वर्षी सराव सामनेही झाले नाहीत. आधी आतला लाइनबॅकर, मग थोडा स्लॉट, मग २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा सेफ्टी. आणि तो मोसम सुरू होण्याआधीच ड्राफ्टच्या शेवटच्या, म्हणजे सातव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात न्यूयॉर्क जायंट्सकडे रवाना. आठव्या क्रमांकाचा खेळाडू, सातव्या फेरीच्या भावात.

लोक म्हणतात, तो एनएफएलमध्ये टिकला नाही. मला ते पटत नाही. क्लेम्सनमध्ये बचावाचे प्रशिक्षक ब्रेंट वेनेबल्स त्याला दर आठवड्याला सांगायचे, या सामन्यात तुझं काम हे. जागा बदलत होत्या, पण बदलणारा माणूस एकच होता आणि त्याच्या डोक्यात नकाशा होता. पुढे गेल्यावर जागा तशाच बदलत राहिल्या, नकाशा कुणाकडे होता असं मला तरी दिसत नाही.

आपल्या गावातलंच उदाहरण घे. ब्रेंडन व्हाइट. २०१९ च्या जानेवारीत ओहायो स्टेटकडून रोझ बोलच्या सामन्यात बचावाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सेफ्टी होता. त्याच वर्षी ओहायो स्टेटने "बुलेट" नावाची नवी जागा जाहीर केली आणि सगळ्यांना वाटलं, ही त्याच्यासाठीच. मोसम सुरू झाला आणि कळलं, की पीट वर्नर हा लाइनबॅकरच पास आणि धाव दोन्ही सांभाळतोय, मग बुलेटला मैदानात आणायचं कशाला? व्हाइटचा वेळ आटत गेला आणि तो पुढे रटगर्सला निघून गेला. नाव होतं, छापून आलं होतं, जागा नव्हती.

आणि ओहायो स्टेटचाच सनी स्टाइल्स. तोही सेफ्टी म्हणूनच आला होता. २०२४ मध्ये त्याला सरळ लाइनबॅकर केलं, थोडा इकडे थोडा तिकडे असं नाही. मोसमाच्या सुरुवातीला तो जरा अडखळायचा, तूच म्हणायचास. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात नोत्र दामला ३४-२३ हरवलं तेव्हा तो मधोमध उभा होता आणि सेफ्टीचे पाय त्याच्याकडे होतेच, ते कुणी काढून घेतले नव्हते.

मला हे इतकं का टोचतं, ते सांगतो. तुला हे कधी बोललो नाही. अमेरिकेत यायच्या आधी मी इथे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होतो. नाव नको. डिप्लोमा मेकॅनिकलचा, पण पॅनेलची वायरिंगही यायची. साहेब खूश. मशीन बंद पडलं, की मोटार असो वा गिअरबॉक्स, बोलवा त्याला. तीन वर्षं मी त्या हाकेवर फुशारलो. बढतीची वेळ आली तेव्हा मेकॅनिकलचे साहेब म्हणाले, हा तर बराचसा इलेक्ट्रिकलकडेच असतो. इलेक्ट्रिकलचे म्हणाले, हा आमचा नव्हेच. माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला मुलगा, ज्याला फक्त बेअरिंग बदलता यायची, तो सुपरवायझर झाला. माझं टेबल दोन्ही खात्यांच्या मधल्या व्हरांड्यात होतं. खरोखरच व्हरांड्यात, पावसाळ्यात कागद भिजायचे.

म्हणून गुरुवारी त्या कॉलेजात जाशील तेव्हा जिम बघून हुरळू नकोस. आणि "आम्ही तुला सगळीकडे वापरू" हे वाक्य ऐकलंस की जरा सावध हो. त्यांना विचार, मी रोजच्या मीटिंगला कोणत्या खोलीत बसणार? लाइनबॅकरच्या की सेफ्टीच्या? माझा कोच कोण? दोघं असतील, तर माझ्या चुकीबद्दल मला ओरडणार कोण? हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण जो ओरडतो तोच शिकवतो. मग वजनाचं विचार. तू आज २०२ पौंड आहेस. एक जण २१५ कर म्हणणार आणि दुसरा १९५ वर आण म्हणणार, असं असेल तर तिथेच चहा पिऊन घरी ये. समोर दोन टाइट एंड, म्हणजे धक्के देणारे दांडगे रिसीव्हर, आले, थर्ड डाउन म्हणजे तिसरा प्रयत्न आणि एकच यार्ड हवा, तेव्हा मी मैदानात असतो की बाहेर, हेही विचार. बाहेर असलास तरी लाज नाही, पण आधी माहीत हवं. गेल्या मोसमात या जागेवर कोण होता आणि तो आता कुठे आहे, ते विचारायला विसरू नकोस. त्या मुलाशी दोन मिनिटं बोलायला मिळालं, तर कोचशी तासभर बोलण्यापेक्षा ते बरं.

उत्तरं त्यांनी पटापट दिली तर समज, नकाशा आहे. एकमेकांकडे बघायला लागले तर समज, व्हरांडा आहे.

स्कॉलरशिपचा विचार तू करू नकोस. डिव्हिजन थ्री या कॉलेजांच्या गटात खेळासाठी पैसे देत नाहीत, हे मला माहीत आहे. तो हिशोब मी आणि आई बघू.

आज दुपारी आजीला तो सिमन्सचा झेल दाखवला, तू काय खेळतोस ते कळावं म्हणून. तिने चष्मा पुसून दोनदा बघितला. पहिल्यांदा म्हणाली, "हा पोरगा एवढा लांब का उभा? याला खेळात घेतलं नाही का?" दुसऱ्यांदा चेंडू त्याच्या हातात गेला तेव्हा काही बोलली नाही, फक्त म्हणाली, परत लाव.

गाडीत बर्फ खरवडायचं फावडं ठेव. हायवेवर रात्री येऊ नकोस, उशीर झाला तर तिथेच राहा.

तुझा,
बाबा