शनिवारी घरोघर पिसवांची भुकटी : उंदराला विष आत्ता घालू नका

गटातल्या सगळ्या तायांनो,

येत्या शनिवारी सकाळी ८ वाजता मारुतीच्या पारापासून पिसवा मारायची भुकटी टाकायला सुरुवात होईल. आरोग्यसेवक आणि आशाताई येतील. घरात एक तरी मोठं माणूस थांबावं.

तोवर कुणीही उंदराला विष घालू नका. उंदीर मरून गार पडला की पिसवा त्याला सोडून माणसाला चावतात, प्लेग तसाच येतो. आधी पिसवा, मग उंदीर.

- कणग्या, पोती शुक्रवारीच भिंतीपासून हातभर पुढं ओढा. भिंतीच्या कडेला काळपट तेलकट पट्टा आणि लेंड्या दिसतात, ती उंदराची वाट. भुकटी तिथं आणि बिळाच्या तोंडाशी पडेल. नंतर आठवडाभर तिथं झाडू-सारवण नको.
- पीठ, पाणी, भाकरी झाकून ठेवा. लेकरं, कोंबड्या बाहेर.

१९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग आला तेव्हा माणसं तापानं पडायच्या आधी उंदीर मरून पडत होते. म्हणून मेलेला उंदीर दिसला तर हात लावू नका, लगेच आशाताईंना सांगा. ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वेळेत औषध मिळालं तर माणूस बरा होतो.