मोटारस्पोर्टचा कॅमेरा आणि कललेले खांब : एक तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : मोटारस्पोर्टसाठी म्हणून सुचवलेला कॅमेरा त्या कामाचा नसल्याबाबत

महोदय,

तुमच्या सेवा केंद्राने माझा कॅमेरा ‘तपासणीत दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत पाठवला आहे. शेरा मला मान्य आहे. कॅमेरा जसा बनवला तसाच चालतो, त्यात बिघाड काहीच नाही. माझी तक्रार तो मला ज्या कामासाठी म्हणून विकला गेला त्याबद्दल आहे. तिचे उत्तर दुरुस्ती करणाऱ्यांकडे असणार नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

मी हौशी छायाचित्रकार आहे. गेली 9 वर्षे मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती टिपते आहे. पत्रकारांच्या जागेत मला कुणी सोडत नाही. मी जाळीच्या बाहेर, प्रेक्षकांत उभी राहणारी. जुना कॅमेरा आरशाचा होता, सेकंदाला 7 फ्रेम्स काढायचा आणि फोकसचे बिंदू सगळे मधोमध गोळा झालेले. त्याच्यावर मी हात बसवला होता. शटरने मान टाकली तेव्हा नवा घ्यायचे ठरवले आणि तुमच्या संकेतस्थळावरची ‘योग्य कॅमेरा निवडा’ ही प्रश्नावली भरली. ‘काय टिपणार?’ या प्रश्नाला पक्षी, लग्न, प्रवास, मुलेबाळे असे बरेच पर्याय होते. मी ‘मोटारस्पोर्ट’वर टिचकी मारली. उत्तरात एकच मॉडेल आले आणि त्याच्या चित्राखाली ठळक अक्षरात ‘सेकंदाला 30 फ्रेम्स’.

तरीही मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. तुमच्या ग्राहक सल्ला विभागाला ईमेल करून विचारले, की हे 30 फ्रेम्स कोणत्या शटरवर मिळतात आणि वेगवान गाडी आडवी जाताना चित्र वाकडे येते का. उत्तर आले : ‘हा कॅमेरा अतिवेगवान विषयांसाठीच घडवलेला आहे.’ माझ्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. पण आकडा मोठा दिसला की माणूस पाघळतो. मीही पाघळले. तेवढी चूक माझी.

आता प्रत्यक्षात काय झाले ते सांगते.

30 फ्रेम्स फक्त इलेक्ट्रॉनिक शटरवर मिळतात. मेकॅनिकल शटरवर, म्हणजे प्रत्यक्ष सरकणाऱ्या पडद्यावर, 12. पुस्तिकेत हे लिहिलेले आहे, पण खूप आत, तळटिपेत. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये पडदा हलत नाही, सेन्सर (उजेड टिपणारा भाग) वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचला जातो, आणि या वाचनाला किती वेळ लागतो हा आकडा तुमच्या कोणत्याही कागदावर नाही. म्हणून तो मी घरीच मोजला. विजेचा पुरवठा 50 हर्ट्झचा असेल तर साधा एलईडी दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. त्याच्या उजेडात पांढऱ्या भिंतीचा फोटो इलेक्ट्रॉनिक शटरवर, 1/2000 सेकंदाला काढला की चित्रात आडवे काळे पट्टे उमटतात. एक पट्टा म्हणजे 10 मिलिसेकंद. माझ्या फोटोत जवळजवळ पावणेतीन पट्टे आले. म्हणजे एक चित्र वाचायला या सेन्सरला सुमारे 28 मिलिसेकंद लागतात. याच कॅमेऱ्याचा मेकॅनिकल पडदा तेच अंतर 4-5 मिलिसेकंदांत पार करतो.

28 मिलिसेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. ताशी 200 किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात दीड मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. मी कॅमेरा गाडीबरोबर फिरवते, म्हणजे पॅन करते, त्यामुळे गाडीचा सांगाडा बऱ्यापैकी सरळ राहतो. पण मागचे खांब, जाळी, फलक सगळे एका बाजूला कलतात, जणू सोसाट्याचा वारा सुटला आहे. आणि चाके! 70 सेंटिमीटर व्यासाचे चाक या वेगाला सेकंदाला सुमारे 25 वेळा फिरते. फ्रेमच्या उंचीचा पाचवा भाग चाकाने व्यापला असेल, तर चाकाचा वरचा कडा वाचल्यापासून खालचा कडा वाचेपर्यंत ते जवळपास 50 अंश फिरून जाते. आरे केळीच्या फण्यासारखे वाकतात. हा फोटो मी कुणाला दाखवला की पहिला प्रश्न येतो, ‘गाडीला काय झालं?’

हे नवे दुखणे नाही. फ्रेंच छायाचित्रकार जाक आन्री लार्तिग यांचे शर्यतीच्या मोटारीचे एक प्रसिद्ध चित्र आहे. ते वर्षानुवर्षे 1912 चे मानले जात होते, आता 1913 चे मानतात. त्यात चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि कडेचे प्रेक्षक नेमके उलट दिशेला कलले आहेत. त्या कॅमेऱ्याच्या शटरची फट काचेवरून हळूहळू सरकायची आणि त्यांनी कॅमेरा गाडीबरोबर फिरवला खरा, पण गाडीपेक्षा कमी वेगाने. ते चित्र अजरामर झाले. माझी काही झाली नाहीत, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पडद्याची खोड मला नव्या कॅमेऱ्यात नको होती.

यावर उपाय नाही असेही नाही. सेन्सरच्या पाठीशीच स्मृतीचा थर बसवून वाचन झपाट्याने करणारे स्टॅक्ड सेन्सर बाजारात येऊन बरीच वर्षे झाली. फुल फ्रेममध्ये, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत, तो सोनीच्या ए9 मध्ये 2017 सालीच आला. 2021 च्या निकॉन झेड9 मध्ये वाचन इतके वेगवान आहे, की त्यात मेकॅनिकल शटर ठेवलेलेच नाही. 2023 साली जाहीर झालेल्या सोनी ए9 थ्रीमध्ये तर सगळ्या ओळी एकदमच टिपल्या जातात. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सरवाल्यांसाठी 2022 ची फुजीफिल्म एक्स-एच2एस आहे. हे कॅमेरे महाग असतात हे मला ठाऊक आहे आणि प्रत्येकाने तेच घ्यावेत असे मी म्हणत नाही. पण ते महाग का आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक आहे. मग ज्या सेन्सरमध्ये ही सोय नाही, त्यावर ‘मोटारस्पोर्ट’ची चिठ्ठी का चिकटवली?

बफरची, म्हणजे कार्डावर लिहिण्याआधी फोटो थोपवून धरणाऱ्या स्मृतीची, गत याहून वाईट. पूर्ण आकाराची रॉ (सेन्सरकडून आलेली कच्ची) फाइल सरासरी 30 मेगाबाइटची. सेकंदाला 30 म्हणजे 900 मेगाबाइट. कार्डाचे खाचे दोन, दोन्ही एसडी. यूएचएस-टू या वेगवान प्रकारच्या एसडी कार्डाची कागदावरची कमाल मर्यादाच सेकंदाला 312 मेगाबाइट, प्रत्यक्षात लिहिण्याचा वेग त्याहून कमी. गणित तिसरीतल्या मुलाला जमेल असे आहे. 42 फ्रेम्सनंतर, म्हणजे दीड सेकंदाच्या आत, माझा कॅमेरा अडखळतो आणि पूर्ण मोकळा व्हायला 6-7 सेकंद घेतो. एका शर्यतीत पाचही लाल दिवे विझले, गाड्या सुटल्या, पहिल्या वळणावर सगळा घोळका एकदम आला. मी बटण दाबले. पुढच्या दोन गाड्या नेमक्या दीड सेकंदात गेल्या. मागच्या तिघांची टक्कर झाली तेव्हा मी व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) मिणमिणणारा तांबडा दिवा बघत होते. शेजारच्या मुलाने तीच टक्कर मोबाइलवर टिपली.

फोकसबद्दल मी तक्रार करणार नाही, निदान पूर्ण नाही. गाडी ओळखून तिला धरून ठेवण्याचे काम हा कॅमेरा चांगले करतो. जाळीची तार मध्ये आली तरी लक्ष्य सोडत नाही. माझ्या जुन्या कॅमेऱ्याला हे सात जन्मांत जमले नसते. पण हे कौतुक 12 फ्रेम्सवरचे. 30 वर गाडी सरळ अंगावर येत असताना पाच-सहा फ्रेम्सनंतर फोकस मागे पडायला लागतो. 400 मिलिमीटरच्या लेन्सवर, एफ 5.6 च्या छिद्राला, 40 मीटरवरच्या गाडीसाठी या सेन्सरवर सुस्पष्ट पट्टा जेमतेम सव्वादोन मीटरचा. ताशी 180 किलोमीटरने येणारी गाडी दोन फ्रेम्समध्ये सव्वातीन मीटरहून जास्त सरकते. दोन फ्रेम्स चुकल्या की गाडीचे नाक गेले.

एक गोष्ट मात्र मला खरोखर टोचते. पॅन करताना डोळ्याला गाडी आत्ता कुठे आहे ते दिसले पाहिजे. तुमचा व्ह्यूफाइंडर सलग फोटो काढताना आत्ताची गाडी दाखवत नाही, नुकत्याच काढलेल्या फोटोंची माळ दाखवतो. हात त्या माळेच्या मागे जातो आणि गाडी फ्रेमच्या कडेला जाऊन बसते. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्यांपुढे क्षणभर अंधार व्हायचा हे खरे, पण अंधार सरला की दिसायची ती आत्ताची गाडी. हा दोष माहितीपत्रकात कोणत्याच आकड्यात मावत नाही, म्हणून तो दुकानाच्या काउंटरवर उभे राहूनही कळत नाही. तो कळायला समोरून काहीतरी वेगात जावे लागते.

तुमचे प्रतिनिधी फोनवर म्हणाले, ‘मॅडम, मग मेकॅनिकल शटर वापरा.’ वापरतेच आहे. चाक फिरताना दिसावे म्हणून मी बहुतेक वेळा 1/125 किंवा त्याहून मंद शटरवर पॅन करते आणि त्यासाठी 12 फ्रेम्स रग्गड आहेत. खरे सांगायचे तर 8 सुद्धा पुरतात. दहा प्रयत्नांत एक फोटो काचेसारखा स्वच्छ आला तरी मी खूश असते. पण मग 30 कुणासाठी? तुमच्या खोक्यावर छापलेले गाडीचे चित्र नीट पाहा. त्यात चाकाचे आरे धूसर होऊन तबकडीसारखे दिसतात, म्हणजे ते मंद शटरवर काढलेले आहे. खांब सरळ आहेत. ज्याने तो फोटो काढला त्याने 30 फ्रेम्सची सोय वापरली असेल असे मला वाटत नाही. आणि त्याच चित्राखाली तुम्ही 30 चा आकडा छापलात.

12 च फ्रेम्स हव्या असत्या तर तुमच्याच कंपनीचे आधीचे, स्वस्तातले मॉडेल मला चालले असते. हवाई अड्ड्यावर वाट पाहणाऱ्या नातेवाइकासारखी मी त्या 30 ची वाट पाहत राहिले, आणि त्यासाठीच जास्तीची रक्कम मोजली. शिवाय फक्त कॅमेरा घेऊन भागत नाही. त्याच्या माउंटची (लेन्स बसते त्या जोडाची) टेली, म्हणजे दूरचे टिपणारी, लेन्स घेतली, कार्डे घेतली. आता दुसऱ्या कंपनीकडे जायचे तर लेन्ससुद्धा विकावी लागेल, तीही पडत्या भावात. माउंट म्हणजे सोयरीक असते, कॅमेरा बदलावा तशी ती बदलता येत नाही. म्हणून तर मी आधी ईमेल करून विचारले होते.

माझी मागणी अशी. कॅमेरा परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या, किंवा याच माउंटचा, वेगाने वाचणारा सेन्सर असलेला कॅमेरा द्या आणि किमतीतला फरक माझ्याकडून घ्या. दुसरा मार्ग मला जास्त आवडेल, कारण लेन्स उत्तम आहे आणि तिच्यावर माझा राग नाही. त्याचबरोबर संकेतस्थळावर 30 या आकड्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, तो कोणत्या शटरवर मिळतो, सेन्सर वाचायला किती वेळ लागतो आणि बफर किती सेकंदांत भरतो, हे लिहा. इलेक्ट्रॉनिक शटरवर रॉ फाइल 14 ऐवजी 12 बिटांची, म्हणजे कमी छटांची, होते आणि सावलीतला तपशील उघडताना ते जाणवते, तेही लिहा. आणि प्रश्नावलीत ‘मोटारस्पोर्ट’ निवडणाऱ्याला हे मॉडेल सुचवणे बंद करा. ‘मुलेबाळे’ निवडणाऱ्याला खुशाल सुचवा, कारण माझ्या भाच्याच्या धावण्याच्या शर्यतीचे फोटो यावर अप्रतिम आले.

पट्ट्यांचा फोटो, कललेल्या खांबांचे 6 फोटो, मूळ रॉ फाइल्स आणि तुमच्या सल्ला विभागाचे ईमेल सोबत जोडले आहेत. फाइल्समधली शटरची माहिती काढून टाकलेली नाही, तुमच्या अभियंत्यांनी ती जरूर तपासावी. माझ्या मोजमापात चूक असेल तर खरा आकडा कळवावा. तो कळला तरी निम्मे काम झाले.

उत्तर 15 दिवसांत आणि लेखी द्यावे. फोन करू नये. फोनवर मला आतापर्यंत चार वेळा कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले गेले आहे.

आपली विश्वासू,
(सही)